अंगण वाकडं

इन्शुरन्सच्या फॉर्मवर चौकट आहे, चार ओळींची:
काय घडलं ते तुमच्या शब्दांत लिहा.
चार ओळी!
एवढ्यात तर माझा नुसता घसा साफ होतो.

कच्चं आधी मराठीत लिहितो, पाकिटाच्या पाठीवर.
हॅलिफॅक्स. जानेवारी. सकाळचे सव्वानऊ.
मी गाडी मागे घेत होतो.
काचेवरचा बर्फ अर्धाच काढला होता, कारण
खरवडणी विशाखानं कुठंतरी ठेवलेली.
उतरतं कोवळं ऊन नेमकं आरशात घुसलं.
काउन्सिलनं रस्त्यावर मीठ टाकलं नव्हतं.
आणि म्हणीची आठवण करून देऊ नका,
आमचं अंगण खरोखरच वाकडं आहे हो,
दुधाची बाटली आडवी ठेवा,
घरंगळत डोरीनबाईंच्या दारात जाते.

आणि मग भिंत पडली.
कमरेएवढी, दगडावर नुसता दगड ठेवलेली,
तिच्या सासऱ्यानं रचलेली.

डोरीनबाई बाहेर आल्या, गाऊनवर स्वेटर,
त्र्याऐंशी वर्षं सपातांत घालून बर्फावर उभ्या राहिल्या
आणि म्हणाल्या, "सॉरी, लव्ह.
ही भिंत कायम मध्येच येते."

मी ती सॉरी घेतली.
सुटे पैसे घ्यावेत तशी,
न मोजता, कोटाच्या खिशात.
इथं तुम्ही कुणाच्या पायावर पाय द्या,
सॉरी तोच म्हणतो.
एकवीस वर्षं मी ही चिल्लर साठवतोय.
सावकार झालोय.
अख्खं जग माझं देणं लागतं.

पुढची चौकट: यात आणखी कुणाचा दोष?
असल्यास नाव, पत्ता.
इथं मात्र पेन पळायला लागलं.
गॅरेथ, ज्यानं माझी बढती त्या पोराला दिली.
मुलगी, जी फक्त रविवारी फोन करते,
आणि तेही आईच्या फोनवर.
आणि पहिला, कायमचा पहिला, दिगंबर,
यंत्रमाग गल्ली, इचलकरंजी,
ज्यानं वडिलांचे बारा माग विकले
आणि सख्ख्या भावाला फसवलं.

लीड्सच्या फराळाला दरवर्षी सांगतो.
हल्ली मी "आमचा दिगंबर" म्हणालो की
लोक चकली हातात घेऊन
दुसऱ्या टेबलाकडे सरकतात.

एक सांगत नाही.
कागद आला होता, कुरियरनं, सहा पानी.
मी ओट्याशी उभ्याउभ्या शेवटचं पान उलटलं
आणि सही केली.
पैसे हवे होते. लगेच हवे होते.
ह्या घराच्या डिपॉझिटला,
ह्याच वाकड्या अंगणाला.
दिगंबर फोनवर दोनदा म्हणाला होता,
"वाचून घे रे."

पेनची शाई संपली (भिकार पेन, बँकेचं फुकटातलं).
दुसरं शोधायला कोटाच्या खिशात हात घातला,
त्याच खिशात.
खरवडणी हाताला लागली.
अजून ओली.

खिडकीतून दिसतंय: डोरीनबाई वाकून
एकेक दगड उचलतायत,
आतली बाजू कुठली, बाहेरची कुठली, पारखून.
आतल्या बाजूला कित्येक वर्षं ऊन लागलेलं नाही,
ती वेगळीच दिसते, कच्ची, लाजल्यासारखी.

पाकिटावर मी लिहिलंय: भिंत पडली.
बसल्याबसल्या, आपोआप, वयोमानानं पडली जणू.
एक काना द्यायचा राहिला.
एक उभी रेघ, दगड उभा करावा एवढीच.
देऊन पाहिला:
भिंत पाडली.

आता वाक्य कर्ता मागतंय.
सुरुवातीला जागा ठेवलेली नाही,
दोन अक्षरांना लागेल तेवढीसुद्धा.
समासात, अगदी कडेला, आडवं दाबून बसवावं लागेल.

आणि बसवलं तर शेवटी,
बारीक अक्षरात, फक्त माहितीसाठी,
अंगणाचं लिहू का?